चार्जिंगचं खळं

स्टेशनातल्या सोफ्यावर एक बाई दिवाळी अंक विसरून गेल्या. गाडी चार्ज झाली, बाई उठल्या, गेल्या, अंक राहिला. कुणी मागायला येईल म्हणून मी तो बरेच दिवस जपून ठेवला. कुणी आलं नाही, तेव्हा वाचायला घेतला. चौथीपर्यंतच शिकले असल्यामुळे मला वाचायला वेळ लागतो. वेळ माझ्याकडे भरपूर होता, कारण गाड्याही येत नव्हत्या. त्या अंकात एका निवृत्त न्यायाधीशांनी, भूल देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी आणि विमान चालवणाऱ्या एका साहेबांनी आपापल्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. तिघांनीही शेवटी लिहिलं होतं की आयुष्याचं सार्थक झालं.

माझ्या नोकरीबद्दल मला कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही. सार्थक झालं की नाही ते शेवटी बघू.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे, हायवेला, दत्ताभाऊंच्या हॉटेलाला लागून विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन आहे. तिथं मी राखणीला होते. कंपनीच्या भाषेत अटेंडंट. फरशी झाडायची, काचा पुसायच्या, चार्जिंगची गन पुसून जागेवर अडकवायची आणि गिऱ्हाईक आलं की त्याला ‘या, बसा’ म्हणायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं.

त्याआधी मी जन्मभर खुरपणीला गेले. माझे घरचे मालक वारल्यावर शेत वाट्यानं दिलं आणि दुसऱ्यांच्या बांधावर जाऊ लागले. पुढं गुडघे गेले. खुरपं घेऊन खाली बसलं की उठायला दोन बाया लागायच्या. त्या गमतीनं ओढायच्या, पण मुकादम हसत नव्हता. तेव्हाच ही नोकरी मिळाली. डोक्यावर छप्पर, वर पंखा, दिवसभर खाली बसायचं काम नाही. ही जागा गेली तर मला दुसरी नाही, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. त्यामुळे जे कुणी शहाणे लोक गाडीतून उतरायचे, त्यांच्या तोंडाकडे बघून मी आधी हेच शोधायचे, की आज आपली जागा राहते की जाते.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोलची गाडी पंपावर उभी राहते, काच पुसून होईस्तोवर निघूनही जाते. विजेच्या गाडीचं तसं नाही. तिच्या कुशीत एक झाकण असतं, ते उघडायचं, जाड वायरची गन त्यात खुपसायची, मोबाइलवर ॲप उघडायचं, आणि मग तासभर थांबायचं. ॲपला रेंज लागते. आमच्या स्टेशनात रेंज नव्हती. ती दत्ताभाऊंच्या भज्यांच्या कढईजवळ यायची. त्यामुळे मोठमोठ्या गाड्यांचे मालक मोबाइल डोक्यावर धरून कढईपाशी उभे असायचे, आणि दत्ताभाऊ त्यांना उभं राहिल्याबद्दल भजी बांधून द्यायचे. स्टेशनचा धंदा कसा झाला ते माहीत नाही, भज्यांचा झाला.

मुख्य सांगायचं ते सल्लागारांबद्दल. ज्याला स्टेशन काढायचं असतं तो आपल्या मनानं काढत नाही. तो आधी सल्ला विकत घेतो. कुठं काढायचं, केवढं काढायचं, लोक येतील का, हे सांगणारी वेगळी कंपनी असते. आमचे सल्लागार पुण्याहून यायचे. केतन सर आणि त्यांच्या हाताखाली ऋचा मॅडम. स्टेशन चाललं तर सल्ला चांगला होता. नाही चाललं तर का चाललं नाही याचा सल्ला पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो, कारण पहिल्यापासूनची माहिती त्यांनाच असते. हा धंदा कळायला मला वेळ लागला, पण कळल्यावर त्याच्याइतका बिनघोर धंदा मला दुसरा दिसला नाही. आमच्याकडं पेरलेलं उगवलं नाही तर लोक बियाणंवाल्याच्या दुकानापुढं जाऊन बसतात. केतन सरांच्या दुकानापुढं बसायला दुकानच नव्हतं. ते बॅगेत होतं.

जागा त्यांनी कशी निवडली ते दत्ताभाऊंनी मला नंतर सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या हातातला झारा हलत होता, इतकं हसू. केतन सर पहिल्यांदा पाहणीला आले त्या दिवशी दत्ताभाऊंच्या पुतण्याचं लग्न होतं. मांडव आत शेताकडं, गाड्या सगळ्या रस्त्याला चिंचेखाली, आणि वऱ्हाड जेवायला हॉटेलात. केतन सर मोबाइलवर बोलत उतरले, बोलतच फिरले. दत्ताभाऊंनी पाहुणे समजून त्यांना पंगतीत बसवलं. जेवून उठल्यावर त्यांनी बिल विचारलं.

‘‘म्या म्हनलं, राहू द्या सर, तुमी आमचे पाव्हणे,’’ दत्ताभाऊ सांगत होते. ‘‘तर ते मॅडमला म्हनले, बघ, केवढी माणुसकी, केवढी गर्दी. मंग मला इचारले, इथं गाड्या थांबतात का? म्या म्हनलं, डोळ्यानं बघून राहिले ना सर.’’

‘‘अन् लग्नाचं?’’ मी विचारलं.

‘‘लग्नाचा विषय त्यायनी काढलाच न्हाई, पारबतीबाई. मी कशाला काढू?’’

असं आमच्या गावाला स्टेशन मिळालं. तेही लहान नाही. पुढं सिमेंटची एवढी मोठी फरशी घातली की आमच्या शाळेचं मैदान तिच्यात मावलं असतं. गुळगुळीत, एका बाजूला जरा उतार, पाणी थांबणार नाही अशी. ते पाहायला गावातल्या बाया आल्या आणि फरशीवरून हात फिरवून एकमेकींकडं बघून गप्प राहिल्या. केतन सरांना वाटलं, भारावल्या.

माझं नाव दत्ताभाऊंनी सुचवलं. ‘‘ही बाई बोलत न्हाई,’’ एवढीच शिफारस. केतन सर मला म्हणाले, ‘‘ताई, आजपासून तुम्ही आमच्या ब्रँडचा चेहरा.’’ मी पदर तोंडावर ओढला. ऋचा मॅडमनी मला ‘आपलं स्वागत आहे, आपला प्रवास सुखाचा होवो’ असं म्हणायला शिकवलं. एकटी असताना मला ते छान यायचं. मशीनला कितीदा म्हणून दाखवलं असेल. गाडी आली की मात्र मी पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि भिंतीकडं बघायची. बऱ्याच लोकांनी ते स्वागत म्हणून चालवून घेतलं.

केतन सरांचा सगळा डाव त्या तासावर होता. ते म्हणायचे, ‘‘ताई, गाडी चार्ज होते तो तास म्हणजे सोनं. गिऱ्हाईक आपल्या ताब्यात असतं. त्या तासात त्याला काहीतरी अनुभव द्यायचा.’’ त्यासाठी काचेची खोली बांधली, तिच्यात एसी, सोफा आणि कॉफीचं मशीन. सोफा पांढरा. आमच्या काळ्या मातीत पांढरा सोफा कुणाच्या डोक्यातून आला कुणास ठाऊक. मी तो दिवसातून दोनदा पुसायची. त्यावर बसायची मला मनाई नव्हती, पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी दाराजवळ स्टुलावर बसायची.

उद्घाटनाच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते तांड्यावरचा सुभाष. त्याच्याकडं विजेवरची तीनचाकी आहे. बाळापूरच्या बाजाराला बाया आणि गाठोडी नेतो. आजूबाजूच्या गावांत विजेवर चालणारी तेव्हा ती एकच गाडी. तिला त्यानं झेंडूचा हार घातला होता, स्वतः इस्त्रीचा सदरा. ‘‘बाई, लावा पाईप,’’ म्हणाला.

मी गन काढून दिली. गन त्याच्या गाडीत जाईना. एवढीशी भोकं आणि ही गन म्हशीच्या तोंडाएवढी. ऋचा मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या की हे मशीन चारचाकीसाठीच आहे, तीनचाकीचा आपल्या अभ्यासात समावेश नाही.

‘‘म्हंजे गाडी विजेची, मशीनबी विजेचं,’’ सुभाष म्हणाला, ‘‘अन् दोघायची सोयरीक जमंना?’’

त्याची गाडी घरातल्यासारख्या साध्या बटणावर चार्ज होते. तसं बटण सगळ्या स्टेशनात एकच होतं, कॉफी मशीनच्या मागं. ऋचा मॅडमनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘तिथे लावा. पण फोटोत येऊ देऊ नका.’’ त्या दिवसापासून सुभाषची गाडी मागच्या बाजूला उभी, खिडकीतून वायर आत, आणि कॉफी बंद. कॉफी कुणी मागितलीच तर मी दत्ताभाऊंचा चहा आणून द्यायची.

बाकी गिऱ्हाईक फार नव्हतं. नांदेडचं एक म्हातारं जोडपं यायचं. गृहस्थ दर वेळी हिशोब चुकवून गाडी बंद पडायच्या बेतात आणायचे आणि बाई दर वेळी त्यांच्याशी अबोला धरून आत यायच्या. पहिल्यांदा त्या मला म्हणाल्या, ‘‘त्यांच्यासमोर बसायचं नाही मला. काही काम द्या.’’ मी शेंगा फोडत होते, अर्ध्या त्यांच्यापुढं ठेवल्या. केतन सरांनी ज्याला अनुभव म्हटलं होतं तो एवढाच मला देता आला. नंतर त्या बाळापूर जवळ आलं की मुद्दाम भांडण काढतात, असं त्यांच्या मालकांनी मला काकुळतीनं सांगितलं.

आणि मग हळद निघाली.

आमच्याकडं हळद काढली की ती शिजवतात आणि पुढं कितीतरी दिवस उन्हात वाळवतात. त्याला जागा लागते. मातीवर टाकली तर माती लागते, ताडपत्रीवर टाकली तर खालून घाम धरते. लागते ती साफ, कडक, उताराची फरशी. फरशी घातली त्या दिवशी बाया एकमेकींकडं बघून गप्प का राहिल्या होत्या, ते आता उघड झालं. सकाळी मी कामावर गेले तर स्टेशनचं अर्धं अंगण पिवळं. मधोमध कौसाबाई दाताळं घेऊन उभी. कौसाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली. तिच्या तोंडाला गावचा सरपंचही लागत नाही.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘‘कौसाबाई, इथं गाड्या येतात.’’

‘‘कुठंय गाडी?’’

गाडी नव्हती.

‘‘आली की आवाज दे. उचलतो. एवढी सोन्यावानी फरशी उन्हात रिकामी पाडून ठिवली, तुह्या कंपनीला पाप लागंल.’’

दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं अंगणही भरलं. गाडी रस्त्यावरून वळताना दिसली की मी पदर हलवायची, आणि बाया येऊन दाताळ्यानं हळद सपासप बाजूला ओढायच्या. गाडी निघून गेली की पुन्हा पसरायच्या. गाड्या उभ्या करायचे पांढरे पट्टे पिवळे झाले. खांबांवर पिवळे पंजे उमटले. इथून गेलेल्या गाडीचं चाक पुढं वारंग्यापर्यंत पिवळं दिसायचं म्हणे. मला रात्रंदिवस एकच धाक, की केतन सर हे बघतील आणि पहिली मला काढतील.

त्यांचा फोन आलाच. मुंबईहून स्टेशनवाल्या कंपनीचे मोठे साहेब स्टेशन बघायला येणार होते. ‘‘ताई, अंगण एकदम क्लिअर पाहिजे. एक कण दिसता कामा नये.’’

मी कौसाबाईच्या घरी गेले. दारात उभी राहिले. तिनं वर बघितलं.

‘‘काय वं? काहून अशी उभी? कोन मेलं का?’’

‘‘उद्या मोठे साहेब यायलेत. हळद उचला. माझी जागा जाईल.’’

‘‘कवा यायलेत?’’

‘‘दुपारी.’’

‘‘मंग सकाळचं ऊन कामून घालवायचं? दुपारपस्तोर उचलतो. तू काळजी नको करू.’’

मोठे साहेब सकाळीच आले. तीन गाड्या. मी पदर हलवला, पण बाया मागं शेतात हळद शिजवत होत्या. एकटी कौसाबाई होती, आणि सगळी फरशी भरलेली. साहेब गाडीतून उतरले ते थेट हळदीवर. बुटाखाली कुरकुर आवाज झाला.

‘‘ओ सायब!’’ कौसाबाई ओरडली. ‘‘लक्ष्मीवर बूट? पाय उचला आधी!’’

साहेबांनी पाय उचलला. दुसरा कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून ते एका पायावर उभे राहिले. ड्रायव्हरनं धरलं. केतन सरांचं तोंड हळदीपेक्षा पिवळं झालं होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मनातल्या मनात स्टुलावरची पिशवी आवरायलाच घेतली.

साहेब म्हणाले, ‘‘केतन, हे काय आहे?’’

आणि मग मला सल्लागाराचा खरा धंदा दिसला. केतन सरांनी एक श्वास घेतला. चेहरा बदलला. वाकून त्यांनी मूठभर हळकुंडं उचलली आणि साहेबांच्या हातावर ठेवली.

‘‘सर, हेच ते. जे मी तुम्हाला बोललो होतो. कम्युनिटी ओनरशिप. लोकांनी स्टेशन आपलं मानलंय.’’

साहेबांनी हळदीचा वास घेतला. ते म्हणाले, ‘‘वंडरफुल.’’ मग कौसाबाईबरोबर फोटो काढला. कौसाबाईनं फोटो काढताना दाताळं खाली ठेवलं नाही. ऋचा मॅडम एकट्याच माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं म्हणून त्या लॅपटॉपमध्ये तोंड घालून उभ्या होत्या.

त्या दिवशी मी शिकले की जे घडतं तेच आधी ठरलेलं होतं असं म्हणायचं असतं. आमच्यासारख्या माणसाला ते जमत नाही. आमच्या हातून दूध उतू गेलं तर आम्ही आधी ओरडतो.

पुढं कंपनीनं अंगणात बोर्ड लावला. त्यावर हळदीचं चित्र. कौसाबाईला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, ‘‘काय लिवलंय?’’

‘‘आपलं स्टेशन, आपलं अंगण, असं लिहिलंय.’’

‘‘बघ! अन् तू मला रोज इचारायलीस गाडी येईल का म्हनून.’’

उन्हाळ्यात एक नवरदेव आला. नवी कोरी विजेची गाडी, सासऱ्यानं दिलेली, तीच सजवून वरात निघाली होती वसमतच्या बाजूला. वाटेत एसी लावून लावून गाडी संपली. ती आमच्याकडं लोटत आणली. मागून वऱ्हाडाचा टेम्पो गच्च भरलेला, बँडवाले त्यातच. मी गन लावली, आणि नवरदेवाच्या मामानं विचारलं, ‘‘किती टाईम?’’

मी एक बोट वर केलं.

‘‘एक मिनिट?’’

मी नाही अशी मान हलवली.

‘‘तास? अवं बाई, अक्षता पडायच्या टायमाला आमी काय इथं कॉफी पीत बसावं?’’

कॉफी नव्हतीच. बँडवाल्यांना वाटलं इथंच थांबायचं, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पोरं फरशीवर नाचू लागली. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून पांढऱ्या सोफ्यावर बसला आणि मोबाइलवर नवरीकडच्यांना समजावू लागला, पण रेंज नव्हती, म्हणून तो भज्यांच्या कढईपाशी जाऊन समजावू लागला. शेवटी सुभाषनं खिडकीतून आपली वायर ओढून घेतली आणि म्हणाला, ‘‘चला नवरदेव, माही फुल हाय.’’ नवरदेव तीनचाकीत बसला, पुढं सुभाष, मागं मामा गाठोड्यासारखा, आणि वरात गेली. ज्या गाडीचा अभ्यासात समावेश नव्हता तिच्यावर त्या दिवशी एक लग्न लागलं. सासऱ्याची गाडी आमच्याकडं आरामात चार्ज होऊन एकटीच उभी राहिली.

मला वाटायला लागलं होतं की आता आपली जागा पक्की. गिऱ्हाईक थोडं होतं, पण जे यायचं ते मला ओळखायचं. मी ‘या, बसा’ म्हणायला शिकले होते. आवाज बारीक, पण निघायचा.

पावसाळा सरल्यावर केतन सर आणि ऋचा मॅडम पुन्हा आले. दोघं सोफ्यावर बसले. स्टेशन तोट्यात होतं आणि त्यावर सल्ला द्यायचा होता. मी चहा आणला. ते इंग्रजीत बोलत होते. त्यात ‘अटेंडंट, अटेंडंट’ असं वरचेवर येत होतं. तो शब्द माझा आहे हे माझ्या ध्यानात यायला कप ठेवून होईपर्यंत वेळ लागला. सगळं ॲपवरच होतं तर माणूस कशाला, असं केतन सरांचं म्हणणं होतं. परदेशात कुठंच माणूस नसतो.

ऋचा मॅडमनी लॅपटॉप मिटला. मराठीत म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही सांगा. इथे माणसाची गरज आहे का?’’

माझ्या मनात सगळं तयार होतं. गन लोकं चिखलात टाकून जातात. रेंज कुठं येते ते कोण सांगणार. हळद उचलायला हाक कोण मारणार. नांदेडच्या बाईला शेंगा कोण देणार. आणि माझे गुडघे. मशीनसमोर मी हे सगळं धडाधड बोलले असते. मॅडम वाट बघत होत्या. त्यांना मी बोलायला हवं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी म्हणाले, ‘‘तुमच्या मनाला येईल तसं.’’

‘‘बघ,’’ केतन सर म्हणाले, ‘‘लोकल टीमलाही पटतंय.’’

मी रिकामे कप उचलले. एवढ्या सगळ्या नोकरीत मला सल्ला देता येण्याजोगा तेवढा एकच क्षण आला होता, आणि सल्लागारांनी स्वतःच तो मला दिला होता. इतर कशाचं नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

महिनाअखेरीला माझी जागा गेली. कौसाबाईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘तोंड कुठं गहाण ठिवलं व्हतंस? मला बलवायचं, म्या बोलले असते.’’ ती बोलली असती हे खरं आहे. केतन सर अजून पुण्याला पोचले नसते.

त्या हिवाळ्यात मी कापूस वेचायला गेले. वेचणी उभ्यानं होते. संध्याकाळी पाय मात्र लाकडासारखे व्हायचे, आणि घरी जाताना स्टेशनच्या अंगणावरून जावं लागायचं. गन जमिनीवर पडलेली असायची. काचेच्या खोलीचं दार कुणी ओढून घेत नव्हतं, त्यामुळे सोफ्यावर हॉटेलाचं कुत्रं झोपायचं. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण त्याला माझ्यासारखी लाज नव्हती. एकदा आत जाऊन मी सोफा पुसला आणि कुणी बघायच्या आत बाहेर आले.

हळद पुन्हा निघाली. अंगण पुन्हा भरलं. आता पदर हलवायला कुणी नाही. गाड्या यायच्या, हॉर्न वाजवायच्या, बाया शेतात. कुणी हळदीवरून गाडी घातली तर कौसाबाई लांबून दाताळं घेऊन धावत यायची. एका माणसानं गाडीच्या काचा वर करून आतून ॲपवर तक्रार केली, रेंज मिळताच. असं दोन-चारदा झालं, आणि मग स्टेशनवाल्या कंपनीनं पुन्हा सल्ला मागवला. सल्ला तयारच होता. स्टेशनात माणूस हवा. तीही बाई हवी, गावातलीच हवी. तिचं नाव ‘स्टेशन सखी’.

गावात बातमी आली तेव्हा बाया मला म्हणाल्या, ‘‘पारबतीबाई, तुहीच जागा हाय ती.’’ मीही नवी साडी काढून ठेवली, उगीच कशाला खोटं लिहू.

मग ऋचा मॅडमचा फोन आला. ‘‘ताई, मी प्रयत्न केला. पण किमान दहावी पास अशी अट आहे.’’

एरवी मी ‘बराबर हाय’ म्हणून फोन ठेवला असता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी विचारलं, ‘‘अट कोनी घातली, मॅडम?’’

मग त्या हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्याच सल्ल्यात होती.’’

ती जागा कौसाबाईच्या सुनेला मिळाली. शीतल बारावी झालेली आहे, नीटनेटकी, इंग्रजीत स्वागत करते. मला तिचा राग आला नाही असं नाही. पण पहिल्या आठवड्यातच ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, जशी मी तिच्या सासूच्या दारात उभी राहिले होते तशी.

‘‘काकू, लोकं आत येऊन बसतच न्हाईत. गाडीतच बसून राहतात. काय करू?’’

‘‘शेंगा फोडायला ठेव,’’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मला ओढूनच घेऊन गेली. मी सवयीनं दाराजवळच्या स्टुलाकडं वळले. ‘‘तिकडं काहून?’’ ती म्हणाली. ‘‘तुमी इथं बसा. चहा सांगते.’’ आणि तिनं मला सोफ्यावर बसवलं.

आता मी रोज जाते. कापूस संपला आहे आणि दुसरं काम नाही. पगार शीतलला, चहा मला. ती झाडते, पुसते, गन उचलते. मी बसून सांगते. परवा तिनं विचारलं, ‘‘काकू, हळद कोणत्या बाजूला टाकायला सांगू? सासूबाई माझं ऐकंनात.’’ मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘डावीकडं. गाड्या उजवीकडूनच येतात.’’ त्याच दुपारी नांदेडचे म्हातारे गृहस्थ डावीकडून आले आणि कौसाबाईची सगळी हळद तुडवून थेट मशीनपाशी गेले. बाहेर कौसाबाई ओरडत होती, म्हातारे हात जोडत होते, त्यांच्या बाई अबोला विसरून त्यांच्याच बाजूनं भांडत होत्या. शीतल धावत आत आली.

‘‘काकू! तुमीच म्हनलात ना डावीकडं?’’

माझ्या तोंडाशी आलं होतं, चुकलं माय माझं. पण मी कपातला घोट संपवला.

‘‘परिस्थिती बदलली,’’ मी म्हणाले. ‘‘आता नवीन सल्ला देते. बस.’’

ती खाली स्टुलावर बसली. मी मागं टेकले. सोफा मऊ आहे. एवढे दिवस पुसला, पण ते मला माहीत नव्हतं.